मुखत्यारपत्र : आधार आणि मर्यादा

निवृत्तांचे शहर असा लौकिक असलेल्या म्हैसुरात आईवडील येथे आणि मुले परदेशी, अशी घरे थोडी नाहीत. धाकटा भाऊ किंवा गावातच राहणारी मुलगी यांच्या नावे मुखत्यारपत्र केले की बँकेची चिंता मिटली, असे वडीलधारे मानतात. ही समजूत अपुरी आहे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मरण पावली किंवा विकल मनाची झाली की मुखत्याराचा अधिकार सामान्यतः संपुष्टात येतो. म्हणजे स्मृतिभ्रंश बळावल्यावर, आधाराची खरी निकड असताना, हा कागद चालत नाही. पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

म्हणून प्रकृती ठीक असतानाच संयुक्त खाते, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांचाही विचार करावा. मुखत्यारपत्रात पैसे काढणे, ठेवीचे नूतनीकरण, कर्ज घेणे यांपैकी कोणते अधिकार दिले, ते स्पष्ट लिहावे. मोघम शब्दांचा अर्थ संकुचितच लावला जातो. परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रावर, ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावे. अधिकार काढून घेतल्यास मुखत्याराला आणि बँकेच्या शाखेला त्वरित लेखी कळवावे.

मुखत्यार विश्वासाने नेमावा. मात्र त्याच्या अधिकाराची मर्यादा आधीच जाणून घ्यावी.