टर्बो बदलण्याआधी हे ऐका: इंजिन ऑइल नेमकं जातंय कुठे?

आजचा एपिसोड टर्बो पेट्रोल गाडीवाल्यांसाठी. डिपस्टिकवर ऑइल कमी होतंय, गाडीखाली मात्र एक थेंब नाही, आणि गॅरेजवाला म्हणतो, "टर्बो गेला." जरा थांबा. दोष पिस्टनमध्ये असेल तर नवा टर्बो बसवूनही ऑइल जळतच राहणार, आणि पैसे गेले ते गेलेच.

आधी धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण तो कधी येतो? सकाळी स्टार्ट करताना किंवा घाट उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर आला, तर पहिला संशय व्हॉल्व्ह सीलवर. जोर लावताना सतत येत असेल तर रिंगांवर. धूर दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नका, लेव्हल फुल करून हजार किलोमीटरला किती टाकावं लागतं ते मोजा.

मग टर्बोचे पाइप. आत ऑइलचा पातळ थर चालतो, डबकं चालत नाही. पण डबकं पीसीव्ही व्हॉल्व्ह खराब झाल्यानेही साचतं आणि तो टर्बोपेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून तो आधी तपासा.

आता खरी फसगत कुठे होते? कॉम्प्रेशन टेस्टमध्ये. आकडे छान येतात आणि सगळे म्हणतात पिस्टन ओके. अहो, कॉम्प्रेशन धरतात वरच्या दोन रिंगा. ऑइल खरवडते तिसरी. फोक्सवॅगन-ऑडीच्या ईए८८८ इंजिनाच्या दुसऱ्या पिढीत नेमकं हेच झालं. ऑइल रिंगेमागची बारीक भोकं कार्बनने बुजायची. शेवटी पिस्टन आणि रिंगांचं डिझाइनच बदलावं लागलं.

म्हणून लीक-डाउन टेस्टही मागा. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि कान लावतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, आणि ऑइल कॅपमधून जोरात हवा आली तर रिंगा किंवा पिस्टन. एकाच सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा फार वाईट असेल तर तिथे रिंगांमधली कड फुटलेली असू शकते. प्लगच्या भोकातून बोरस्कोप घालून भिंतीवरचे ओरखडे दिसतात, पण ही कड दिसत नाही. त्यासाठी इंजिन खोलावंच लागतं.

कड फुटते कशाने? कसारा घाटात पाचव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर पाय दाबून धरला, की मिश्रण कधीकधी ठिणगीआधीच पेटतं. याला एलएसपीआय म्हणतात. तिथे एक गिअर खाली घ्या. आणि डब्यावर एपीआय एसपी लिहिलंय का बघा: २०२० साली आलेल्या या ग्रेडला एलएसपीआयची चाचणी पास करावी लागते. अर्थात तुमच्या मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय, तो आधी.