पेट्रोल वाचविणारी साधने

पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक बसवा, टाकीत अमुक द्रव्याचे चार थेंब घाला आणि खर्च चतुर्थांशाने कमी करा, अशा जाहिराती आपण पाहतो. काटकसरीने संसार करणाऱ्या गृहस्थास त्यांचा मोह पडणे स्वाभाविक आहे. परंतु अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७० नंतरच्या दशकांत अशी शंभराहून अधिक साधने तपासली. मायलेज लक्षणीय वाढविणारे एकही त्यांत आढळले नाही.

याचे कारण उघड आहे. सुस्थितीतील आधुनिक इंजिनात पेट्रोल जवळजवळ पूर्णपणे जळते. ऊर्जेचा मोठा भाग वाया जातो, तो उष्णतेच्या रूपाने, सायलेन्सर व रेडिएटर यांवाटे. न जळलेले पेट्रोल फारसे उरतच नाही, तर चुंबकाने जाळावे काय? इंजिनातील मळ काढणारी द्रव्ये असतात खरी. पण ती फार तर गमावलेले मायलेज परत देतात.

मग कित्येकांना फरक कसा जाणवतो? साधन बसविताच मालक हिशेब ठेवू लागतो आणि नकळत गाडी संथ हाकतो. टायरमध्ये योग्य हवा, वेळेवर देखभाल, मध्यम व एकसारखा वेग, थांबल्यावर इंजिन बंद, एवढे पाळल्यास तीच बचत कोणतेही साधन विकत न घेता होते.