मुखत्यारी किती द्यावी? स्वायत्त एआय एजंटची पहिली ओळख

‘एजंट’ हा शब्द ग्रामीण भागास अपरिचित नाही. विम्याचा असो वा बियाणे कंपनीचा, दुसऱ्याच्या वतीने काम करणारा तो एजंट. जमिनीच्या व्यवहारात आपण ज्यास मुखत्यार म्हणतो, त्याचेही स्थान हेच असते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात सध्या चर्चेत असलेला ‘स्वायत्त एआय एजंट’ म्हणजे असाच एक मुखत्यार होय. तो संगणकीय प्रणालीच्या रूपात असतो, एवढाच फरक. त्याला उद्दिष्ट सांगितले जाते आणि तिथपर्यंत पोहोचण्याच्या पायऱ्या तो स्वतः ठरवतो.

स्वयंचलित, सल्लागार आणि स्वायत्त

या तीन संकल्पनांची अनेकदा गल्लत होते. शेतातील मोटारीवरचा ऑटो स्विच स्वयंचलित आहे. वीज आली की तो मोटार सुरू करतो; शेत आधीच भरलेले आहे की नाही, हे तो पाहत नाही. दुसरी पायरी सल्लागाराची. पीएम-किसान योजनेसाठी २०२३ मध्ये सुरू झालेला ‘किसान ई-मित्र’ किंवा महाराष्ट्रातील ‘महाविस्तार’ ॲपवरील संवाद-सुविधा प्रश्नाचे उत्तर देते. त्यानुसार कृती करावयाची की नाही, हे शेतकरी ठरवतो.

एजंट ही तिसरी पायरी. तो परिस्थिती पाहतो, विचार करतो, कृती करतो, परिणाम तपासतो आणि त्यावरून पुढची कृती ठरवतो. त्यासाठी त्याच्याजवळ चार गोष्टी लागतात: माहिती आणणारे संवेदक व हवामान अंदाज, योजना आखणारे भाषा-प्रारूप, मागील घटनांची स्मृती, आणि संदेश पाठवणे वा पंप सुरू करणे यांसारखी साधने. चौथी गोष्ट नसेल, तर तो सल्लागारच राहतो.

तंजावरच्या भातखाचरातील उदाहरण

ही संकल्पना समजून घेण्यासाठी भाताच्या पाणी व्यवस्थापनाचे उदाहरण सोयीचे आहे आणि त्यासाठी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर हे योग्य ठिकाण आहे. या जिल्ह्यातच आडुतुरै येथे तमिळनाडू भात संशोधन संस्था आहे. जून-जुलैमध्ये सुरू होणारा अल्प मुदतीचा ‘कुरुवै’ हंगाम आणि त्यानंतरचा दीर्घ मुदतीचा ‘सांबा’ हंगाम हे येथील भातशेतीचे मुख्य आधार. मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सोडण्याची परंपरा आहे. परंतु धरणात साठा नसल्यास ती तारीख पुढे जाते. म्हणून कूपनलिकेच्या पाण्याचा काटकसरीने वापर करणे महत्त्वाचे ठरते.

आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसारित केलेली ‘आलटून पालटून ओले-कोरडे’ पद्धत येथे उपयोगी पडते. सुमारे ३० सेंमी लांबीची, खालच्या भागास छिद्रे पाडलेली नळी खाचरात अशी रोवतात की तिचा सुमारे १० सेंमी भाग जमिनीवर राहतो. नळीतील पाणी जमिनीच्या पृष्ठभागापासून १५ सेंमी खाली गेले की पुन्हा पाणी द्यायचे. फुलोऱ्याच्या आधी व नंतर एकेक आठवडा मात्र खाचरात पाणी उभे ठेवावे लागते.

आता असे समजू की हे काम एजंटकडे सोपवले आहे. नळीतील संवेदक १४ सेंमी दाखवतो. एजंट हवामान अंदाज पाहतो, रात्री पावसाची शक्यता आढळते, म्हणून पंप सुरू करणे तो सकाळपर्यंत पुढे ढकलतो. पाऊस झाला नाही, तर पहाटे पंप सुरू करून शेतकऱ्यास संदेश पाठवतो. येथपर्यंत सर्व ठीक.

चूक कोठे होते?

नळीची छिद्रे चिखलाने बुजली, तर खाचर सुकले तरी नळीत पाणी दिसत राहते. माणूस भेगा पाहून सावध होतो. एजंटला केवळ आकडा दिसतो. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. भातात साधारणपणे काढणीच्या महिनाभर आधी फुलोरा येतो. वाणाची नोंद अपुरी असल्यास भाषा-प्रारूप संभाव्य वाटणारी तारीख गृहीत धरू शकते. अल्प मुदतीच्या वाणास दीर्घ मुदतीचा समजून ऐन फुलोऱ्यात खाचर कोरडे ठेवले, तर लोंबीत पोचट दाणे वाढतात आणि ते नुकसान नंतर पाणी देऊन भरून निघत नाही.

सल्लागार आणि एजंट यांतील खरा भेद येथे आहे. चुकीचा सल्ला शेतकरी नाकारू शकतो. एजंटची चूक लक्षात येते तेव्हा ती घडून गेलेली असते.

मुखत्यारपत्राच्या अटी

म्हणून एजंटला कुलमुखत्यारपत्र न देता मर्यादित मुखत्यारी द्यावी. विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील बाबी पाहाव्यात.

१. परत फिरवता येणारी कामे: आठवण करून देणे, नोंदी ठेवणे यांसारखी कामे आधी सोपवावीत. कीटकनाशक फवारणी, खतमात्रा, पैशांचे व्यवहार व योजनांचे अर्ज यांना शेतकऱ्याची स्पष्ट संमती आवश्यक ठेवावी.

२. मर्यादा: पंप सलग किती तास चालावा याची कमाल मर्यादा प्रणालीबाहेरील साध्या टायमरने बांधावी. फुलोऱ्याची तारीख शेतकऱ्याने स्वतः पाहून नोंदवावी.

३. पडताळणी: आठवड्यातून किमान एकदा नळीतील व बाहेरील पाण्याची पातळी प्रत्यक्ष जुळवून पाहावी. हाताने पंप बंद करण्याची सोय नेहमी असावी.

४. नोंदवही: एजंटने काय केले व का केले, हे शेतकऱ्याच्या भाषेत लिहिले गेले पाहिजे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले काळातील मोडी कागदपत्रे जतन केलेली आहेत. त्यांमुळेच त्या काळच्या कारभाराचा मागोवा आजही घेता येतो. नोंद नसेल, तर चूक शोधता येत नाही आणि जबाबदारीही ठरत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय धोरण २०२५-२०२९’ मंजूर केले आहे. त्यामुळे अशी साधने येत्या काळात आपल्या बांधापर्यंत पोहोचतील. एखादी कंपनी प्रात्यक्षिकासाठी गावात आली, तर “हे काय काय करू शकते?” या प्रश्नाबरोबरच “हे चुकल्यास मला कधी कळेल आणि ते थांबवायचे कसे?” हेही विचारावे. त्याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत एजंटकडून सल्ला अवश्य घ्यावा. पंपाची कळ मात्र आपल्याच हाती ठेवावी.