फोटोतली ही बाई कोण?

हिंगोलीकडच्या जुन्या घरांत भिंतीवर ओळीने टांगलेले फोटो अजून पाहायला मिळतात. शेरवानी नि रुमी टोपीतले आजोबा पाहून पुण्या-मुंबईची सून चमकते. पण १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती, हे ध्यानात घेतले की नवल उरत नाही. फोटोच्या पाठीवर काही खरडलेले असलेच, तर तेही मोडीत किंवा उर्दूत. नातवंडांच्या लेखी तो कोराच कागद!

आजोबांचे नाव निदान ठाऊक असते. पंचाईत होते ती बायकांची. खुर्चीमागे उभी, पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर भेदरलेली, अशी ही कोण? आजोबांची पहिली बायको, की धाकटी बहीण? घरात कुणालाच सांगता येत नाही.

परपुरुषाच्या कॅमेऱ्यापुढे बसायचे म्हणजे त्या काळी बाईवर संकटच. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी त्यावर तोड काढली. १८९२ मध्ये हैदराबादेत त्यांनी खास जनान्यासाठी स्टुडिओ उघडला आणि कॅमेऱ्यामागेही बाईच नेमली. तिथे गेल्या त्या बड्या घरच्या. आमच्या खेड्यापाड्यांतल्या आजीबाई कुठल्या जायला!

चित्रपटाची कथा निराळी नाही. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना, शेवटी अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने लुगडे नेसून ती वठवली. पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मात्र फाळक्यांनी आपली चिमुकली लेक मंदाकिनी हिलाच कृष्ण केले. कथा सुरू होण्याआधी ती पडद्यावर चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव करून दाखवते. मला तर ती सबंध चित्रपटापेक्षा हीच जागा मोलाची वाटते. तिथे कृष्ण नाही, बापाच्या कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली पोर आहे. शंभर वर्षांवर काळ लोटला, तरी तिचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण ते कुणीतरी लिहून ठेवले.

जिथे लिहिले गेले नाही, तिथे थोरांचीही गत आपल्यासारखीच. ‘राजा हरिश्चंद्र’चे जे तुकडे आज उरले आहेत, ते १९१३ च्या मूळ चित्रपटाचे की १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा काढलेल्या आवृत्तीचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. पाठीवर तारीख नसलेला फोटोच म्हणा ना!

दिवाळीला माणसे जमतात, तेव्हा फराळाची ताटे आवरल्यावर हे फोटो भिंतीवरून उतरवावेत. मऊ पेन्सिल जवळ ठेवावी. शाईने लिहू नये, ती पुढच्या बाजूला उमटते. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आत्याबाईंना जवळ बसवावे. त्या पहिल्याने नाव सांगणार नाहीत. चष्मा पुसतील, त्या काळ्या-पांढऱ्या फोटोवर बोट ठेवतील आणि म्हणतील, “हे लुगडं हिरवं होतं हो!”