आधी छप्पर की आधी रंगमंच?

गावाला नाट्यगृह हवे अशी मागणी निघाली की, पहिली चर्चा होते ती इमारत दिसेल कशी याची. आत काय व्हायचे, हा प्रश्न मागाहून येतो. हा क्रम किती महाग पडतो, हे पाहण्यासाठी आपण सिडनीच्या ऑपेरा हाऊसकडे वळू.

१९५७ साली २३३ आराखड्यांतून डेन्मार्कचे वास्तुशिल्पी यॉर्न उत्सन यांचा आराखडा निवडला गेला. बंदराच्या काठी शिडे फुगावीत तशी छपरे! १९५९ मध्ये काम सुरू झाले, तेव्हा त्या छपरांचे गणित सुटलेले नव्हते. पुढे त्यांचा भार कळला आणि उभे केलेले खांब अधिक मजबूत करून पुन्हा बांधावे लागले. उत्तर सापडले १९६१ च्या सुमारास: सर्व छपरे सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापावयाची. करवंटीचा तुकडा कुठूनही घ्या, बाक तोच. म्हणून त्याच त्या साच्यांतून काँक्रीटचे भाग ओतता आले.

छप्पर सुटले, सभागृह सुटले नाही. मोठे सभागृह वाद्यवृंद आणि संगीतनाट्य या दोहोंसाठी योजले होते. परंतु वाद्यवृंदाला आवाज दोनेक सेकंद घुमत राहावा लागतो. रंगमंचावरील शब्द कळायचे तर तो लवकर विरावा लागतो. शिवाय नाट्याला पडदे व यंत्रे यांसाठी जागा हवी, तर मैफलीला अधिक खुर्च्या. १९६७ मध्ये ते सभागृह केवळ संगीतासाठी ठरले. बसवलेली यंत्रसामग्री काढून टाकली आणि ऑपेरा लहान सभागृहात गेला. तेथे वादकांची जागाच अपुरी!

दरम्यान, १९६६ मध्ये सरकारशी मतभेद होऊन उत्सन निघून गेले. पूर्ण झालेली आपली वास्तू त्यांनी कधीच पाहिली नाही. डॉलरांत सुमारे ७० लाखांचा अंदाज १० कोटी २० लाखांवर पोचला, आणि १९७३ मध्ये उद्घाटन झाले.

ही वास्तू फसली असे आम्ही म्हणत नाही. २००७ पासून ती जागतिक वारसा आहे. परंतु मोठ्या सभागृहातील ध्वनीचे दोष काढण्याचे काम २०२२ पर्यंत चालले होते. तेव्हा आपल्या गावात आराखडा मागवण्यापूर्वी नट, गवई आणि वादक यांना एकत्र बसवून विचारावे: येथे नेमके काय करणार? छप्पर रस्त्यावरून दिसते. पण तिकीट काढून आपण जातो ते ऐकायला आणि पाहायला.