काळी मेंदी ही मेंदी नव्हे

लग्नसराई किंवा देवमामलेदारांची यात्रा जवळ आली की सटाण्यात एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘कलप नाही हो, मी काळी मेंदी लावते. नैसर्गिक असते ती, दर आठवड्याला लावली तरी चालते.’

नाही चालत. मेंदीच्या पानातले रंगद्रव्य म्हणजे लॉसोन. ते केसांवर नारिंगी-तांबडे चढते, काळे कधीच नाही. निव्वळ पानांनी केस काळे करायचे तर मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावून तासन्‌तास बसावे लागते. अर्ध्या तासात केस कुळकुळीत करणाऱ्या पाकिटावर आवळा-शिकेकाईची कितीही चित्रे असोत, आत बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमीन असते. कलपात असते तेच! अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने 2006 साली ‘वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक पदार्थ’ म्हणून निवडले ते यालाच. युरोपीय संघात डोक्याला लावायच्या मिश्रणात ते 2 टक्क्यांहून जास्त चालत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते, ‘इतकी वर्षे लावतेय, काही झाले नाही.’ पण ही अ‍ॅलर्जी अशीच येते. अनेक वर्षे काही होत नाही, मग एखाद्या खेपेला दोन दिवसांत टाळू खाजते, कानांतून पाणी गळते, डोळे सुजून मिटतात. एकदा जडली की ती सहसा जन्मभर राहते. म्हणून दर वेळी आधी कानामागे थोडा रंग लावून दोन दिवस थांबायचे. पीपीडी असलेल्या पाकिटावर आधी चाचणी घेण्याचा इशारा इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही छापावा, असा आपल्याकडचा नियमच आहे. भुवया-पापण्यांना लावल्यास दृष्टी जाऊ शकते, हेही त्यात येते. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे, हे आमच्या भागातल्या द्राक्षवाल्यांना तोंडपाठ असते. त्याच घरात कलपाचे पाकीट न वाचता फोडले जाते, याचा मला खरोखर त्रास होतो.

मग लावायचे किती दिवसांनी? केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. आठवड्यात उगवते ते पाव सेंटिमीटर. तेवढ्यासाठी सगळे डोके पुन्हा रंगवू नका. चार ते सहा आठवड्यांनी, तेही फक्त मुळांशी, पुरते. टाळूला जखम किंवा पुरळ असेल तर अजिबात नको.

आणखी काही समजही कानावर पडतात. ‘अमोनिया नाही म्हणजे सुरक्षित’ : अमोनिया गेला तरी पीपीडी असू शकते.

‘कलपाने उरलेले केसही पिकतात’ : केस मुळाच्या आत पिकतो, रंग बाहेर बसतो.

‘कॅन्सर होतोच’ : 2020 साली ‘बीएमजे’त आलेल्या अभ्यासात 1,17,200 अमेरिकी परिचारिकांच्या 36 वर्षांच्या नोंदी तपासल्या. कायमचा रंग स्वतः लावणाऱ्यांत बहुतेक कॅन्सरचा धोका वाढलेला आढळला नाही; काही मोजक्या प्रकारांत थोडी वाढ दिसली. जास्त काळजी घ्यायला हवी ती रोज दुसऱ्यांचे केस रंगवणाऱ्या सलूनवाल्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्यांच्या कामातला संपर्क ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात धरते. त्यांच्या हातात मोजे हवेतच.

खाज सुरू झाली तर डोके लगेच भरपूर पाण्याने धुवा, वरून तेल-हळद चोपडू नका. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा, आणि ते पाकीट डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.