विश्लेषण : ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे ऐकण्यापूर्वी… लिनक्सचा संगणक अडला तर काय तपासावे?

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. त्यानंतर अनेक घरांतल्या, दुकानांतल्या आणि शिकवणी वर्गांतल्या जुन्या संगणकांवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट आले. संगणक पुन्हा वेगाने चालू लागतो, पण एखाद्या दिवशी वाय-फाय गायब होते, पडदा काळा पडतो किंवा पासवर्ड देऊनही आत जाता येत नाही. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला लिनक्सची सवय नसली, की उत्तर ठरलेले असते : फॉरमॅट मारावा लागेल. त्या एका वाक्यात मुलांचे फोटो, दुकानाचे हिशेब, पीएच.डी.चा प्रबंध सारे पुसले जाऊ शकते. प्रत्यक्षात नेहमीच्या बहुतेक अडचणी फॉरमॅट न करता सुटतात. त्या कशा, याविषयी…

लिनक्सकडे वळावे का लागते?

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपासून पुढचे प्रोसेसर लागतात. इंटेलच्या बाबतीत ही मर्यादा साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे २०१७-१८ पूर्वीचे बरेच संगणक उत्तम स्थितीत असूनही अपात्र ठरतात. लिनक्सला ही अट नाही. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहिला. आज त्यावर आधारित अनेक प्रणाली मोफत मिळतात. केरळच्या शाळांमध्ये ती अनेक वर्षांपासून वापरली जाते, तर सी-डॅकने ‘बॉस’ नावाची भारतीय आवृत्ती तयार केली आहे. मात्र टॅलीसारखे मूळचे विंडोजसाठी असलेले सॉफ्टवेअर किंवा डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनवर रोजचे काम अवलंबून असेल, तर ते लिनक्सवर चालते का, हे आधीच तपासावे. नंतर येणाऱ्या तक्रारींपैकी काही बिघाड नसतातच, ती आधी न केलेली चौकशी असते.

तपासणीची सुरुवात कुठून करावी?

तीन प्रश्नांपासून. काल चालत होते का? तेव्हापासून काय बदलले : अपडेट, नवे उपकरण, की मध्येच गेलेली वीज? आणि पडद्यावर नेमका कोणता संदेश आला? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. विंडोजच्या सवयीमुळे संदेश न वाचता ‘ओके’ दाबला जातो. लिनक्समधील संदेश रूक्ष असतो, पण बहुधा कारण सांगतो आणि अनेकदा उपायही. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. शोध घेताना तोच मजकूर, प्रणालीचे नाव आणि आवृत्ती एकत्र लिहावी. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत नोंदवावा. पाच उपाय एकदम केल्यास कशाने दुरुस्त झाले आणि कशाने बिघडले, हे कळत नाही.

वाय-फाय दिसत नसेल तर?

आधी विमान मोड सुरू आहे का आणि लॅपटॉपच्या कडेला वाय-फायचे बटण आहे का, ते पाहावे. दोन्ही ठीक असूनही नेटवर्कची यादीच येत नसेल, तर चिपचा ड्रायव्हर नसण्याची शक्यता असते. काही कंपन्यांच्या चिपचे ड्रायव्हर मुक्त परवान्याचे नसल्याने ते वेगळे घ्यावे लागतात. मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ आणि उबुंटूत ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ या नावाने ती सोय आहे.

पण इंटरनेटच नसेल तर ड्रायव्हर उतरवायचा कसा? उत्तर खिशात असते. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडावा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. लिनक्स त्याला तारेचे नेटवर्क समजून बहुधा लगेच जोडून घेते. ड्रायव्हर बसवून संगणक पुन्हा सुरू केला की काम होते.

अपडेट मध्येच अडकले, वीज गेली…

उबुंटू-मिंटमध्ये कधी कधी ‘लॉक मिळत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. याचा अर्थ दुसरा एखादा कार्यक्रम त्याच वेळी अपडेट करत आहे. बहुधा प्रणालीचे पार्श्वभूमीवर चालणारे सुरक्षा अपडेट असते. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटे थांबणे हाच उपाय. ती लॉकची फाइल पुसून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. अपडेट खरोखर सुरू असताना तसे केल्यास दोन कार्यक्रम एकाच नोंदवहीत लिहू लागतात आणि साधी अडचण मोठी होते.

भारनियमनाच्या भागात अपडेट चालू असताना वीज जाणे नवे नाही. त्यानंतर सॉफ्टवेअर बसेनासे होते आणि ‘डीपीकेजी’चे काम मध्येच थांबले, असा संदेश दिसतो. डीपीकेजी म्हणजे सॉफ्टवेअर बसवण्याची आणि त्याची नोंद ठेवण्याची यंत्रणा. अर्धवट राहिलेले काम पूर्ण करण्यासाठी कोणती आज्ञा द्यायची, हे त्याच संदेशात लिहिलेले असते. टर्मिनल उघडून ती जशीच्या तशी द्यावी. काही प्रणालींत पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो, तेथील टर्मिनलची पद्धतच तशी असते.

पासवर्ड बरोबर, तरी आत प्रवेश नाही?

पासवर्ड दिल्यावर क्षणभर पडदा काळा होतो आणि पुन्हा पासवर्डचीच खिडकी येते. या चक्राचे एक नेहमीचे कारण म्हणजे पूर्ण भरलेली डिस्क. आत येताना प्रणालीला काही छोट्या फाइल लिहाव्या लागतात. जागाच नसेल तर ती परत फिरते. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबाव्यात. केवळ अक्षरांचा पडदा उघडतो. तेथे नाव आणि पासवर्ड देऊन ‘डीएफ उणे एच’ ही आज्ञा दिली, की कोणता भाग किती टक्के भरला ते दिसते. ‘सुडो एपीटी क्लीन’ या आज्ञेने उतरवून ठेवलेली जुनी पॅकेजेस पुसली जातात आणि आत जाण्यापुरती जागा मोकळी होते.

आत गेल्यावर ‘डिस्क युसेज ॲनालायझर’मध्ये जागा कुणी व्यापली ते पाहावे. कचरापेटी, जुने कर्नल आणि त्याच डिस्कवर साठत गेलेल्या टाइमशिफ्टच्या प्रती हे नेहमीचे भागीदार. त्यातही टाइमशिफ्टच्या किती प्रती ठेवायच्या, ही संख्या आधीच कमी ठेवणे चांगले.

सुरू होतानाच पडदा काळा पडला तर?

अपडेटनंतर असे घडले, तर संशय नव्या कर्नलवर किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावा. एनव्हिडियाचे कार्ड असलेल्या संगणकांत हे अधिक दिसते. लिनक्स नवे कर्नल बसवताना आधीचे लगेच काढून टाकत नाही. तीच सुटकेची वाट. संगणक सुरू होताना जुन्या यंत्रात शिफ्ट आणि नव्या यंत्रात एस्केप कळ दाबल्यास ‘ग्रब’ची यादी येते. त्यातील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचे कर्नल निवडावे. संगणक सुरू झाला, तर दोष कुठे आहे हे कळले. पुढचे अपडेट येईपर्यंत जुन्या कर्नलवर काम चालवता येते.

त्याच यादीत ‘रिकव्हरी मोड’ असतो. डिस्कची तपासणी, अर्धवट पॅकेजेसची दुरुस्ती, जागा मोकळी करणे हे पर्याय तेथे आज्ञा पाठ नसतानाही निवडता येतात.

घड्याळ नेमके साडेपाच तास का चुकते?

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर हा अनुभव हमखास येतो. मदरबोर्डवरील घड्याळात जागतिक प्रमाणवेळ आहे, असे लिनक्स मानते. विंडोज तेथे स्थानिक वेळ आहे, असे गृहीत धरते. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने फरकही तेवढाच पडतो. लिनक्सला स्थानिक वेळ वापरण्यास सांगणारी ‘टाइमडेटसीटीएल’ची एक सोपी आज्ञा आहे. ती दिली की वाद मिटतो.

घड्याळ काही तासांनी नव्हे, तर काही वर्षांनी मागे जात असेल, तर प्रकरण वेगळे. तेव्हा मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. तारीख चुकली की बँकेची संकेतस्थळे ‘प्रमाणपत्र वैध नाही’ म्हणून उघडत नाहीत आणि दोष इंटरनेटला दिला जातो. ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते.

विंडोजच्या ड्राइव्हमध्ये फाइल का साठवता येत नाही?

डी ड्राइव्हमधील फाइल उघडते, पण त्यात बदल साठवता येत नाही, ही दुसरी जोड-तक्रार. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ‘शट डाउन’ केल्यावरही यंत्रणा पूर्ण बंद होत नाही. ती अर्धवट झोपेत जाते. अशा ड्राइव्हवर लिहिल्यास माहिती बिघडू शकते, म्हणून लिनक्स तो केवळ वाचण्यासाठी उघडते. बळजबरीने लिहिण्याचा मार्ग शोधू नये. विंडोजमध्ये जाऊन ही सोय बंद करावी आणि संगणक नीट बंद करून मग लिनक्स सुरू करावे.

मराठी मजकूर अगम्य का दिसतो?

श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये टाइप केलेले जुने अर्ज, पत्रिका, प्रश्नपत्रिका लिनक्सवर उघडल्या की मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. जुन्या पद्धतीत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो विशिष्ट फाँट असेल तरच ती मराठी दिसतात. आपल्याकडे परवान्यासह असलेली फाँटची फाइल लिनक्सवर उघडून ‘इन्स्टॉल’ दाबल्यास मजकूर वाचता येतो. कायमचा उपाय मात्र मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हाच. युनिकोड मजकुरातील जोडाक्षरे तुटत असतील, तर ‘लोहित’ किंवा ‘नोटो’ हे मोफत देवनागरी फाँट बसवावेत.

टायपिंगसाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्ट मिळते. उच्चारानुसार टायपिंगची सवय असलेल्यांसाठीही पर्याय आहेत.

आवाज आणि प्रिंटरचे काय?

आवाज बंद पडल्याच्या तक्रारीत बऱ्याचदा आवाज दुसरीकडेच जात असतो. टीव्ही किंवा मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला, की प्रणाली त्यालाच स्पीकर मानते. ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘आउटपुट’ बदलावे. प्रिंटरच्या बाबतीत वाय-फाय असलेली अलीकडची यंत्रे बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखली जातात. झेरॉक्सच्या दुकानांत अजून टिकून असलेले काही जुने लेझर प्रिंटर मात्र त्रास देतात. संगणक बदलण्यापूर्वी प्रिंटरचे मॉडेल लिनक्सवर चालते का, हे शोधणे स्वस्त पडते.

कोणती आज्ञा देऊ नये?

जी समजली नाही, ती. इंटरनेटवर आणि आता चॅटबॉटकडूनही तयार आज्ञा मिळतात. आज्ञेच्या सुरुवातीला ‘सुडो’ असेल, तर ती संपूर्ण यंत्रणेवर अधिकार घेऊन चालते. ‘आरएम’ने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. ‘डीडी’ या आज्ञेत ड्राइव्हचे एक अक्षर चुकले, तर पेनड्राइव्हऐवजी पूर्ण डिस्कवर लिहिले जाते. म्हणून आज्ञेतील प्रत्येक शब्दाचा अर्थ पाहावा, सल्ला कोणत्या आवृत्तीसाठी आणि किती जुना आहे ते तपासावे आणि मगच एंटर दाबावे.

काहीच चालले नाही तर माहिती कशी वाचवावी?

ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवले, तो जपून ठेवावा. संगणक सुरूच होत नसेल, तेव्हा त्याच पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ पद्धतीने लिनक्स चालवता येते. डिस्कला धक्का न लावता आतले फोल्डर उघडतात आणि महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर काढून घेता येतात. डिस्क सांकेतिक कुलूप लावून ठेवली असेल, तर तो पासवर्ड मात्र आठवला पाहिजे. तेथेच ‘डिस्क्स’ या कार्यक्रमात हार्ड डिस्कची प्रकृतीही कळते. डिस्कच अखेरच्या घटका मोजत असेल, तर दोष ना लिनक्सचा ना विंडोजचा. तेव्हा दुरुस्तीचे प्रयोग थांबवून आधी फाइल काढाव्यात.

टाइमशिफ्टबाबत एक गैरसमज महागात पडतो. ते प्रणालीची प्रत ठेवते. वापरकर्त्याचे फोटो आणि कागदपत्रे त्यात मुळात घेतली जात नाहीत. त्यांची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर स्वतः ठेवावी लागते. ती प्रत असेल, तर ‘फॉरमॅट मारावा लागेल’ या वाक्याची भीती उरत नाही. लिनक्स पुन्हा बसवणे हे तासाभराचे काम आहे. पुसलेला प्रबंध पुन्हा लिहायला मात्र वर्षे लागतात.